छातीत दुखणाऱ्या सासूबाई

एकोणीस वर्षं मी अँब्युलन्स चालवली. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही आणि मागे झोपलेल्या पेशंटला हिसका नाही. आणि एके दिवशी वरून कागद आला, की यापुढे नुसता ड्रायव्हर चालणार नाही. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने आपत्कालीन उपचारांची परीक्षा पास व्हायची. संधी तीन. तिन्हींत जो नापास होईल त्याची रवानगी यार्डात, गाड्या धुवायला. घ्या! चव्वेचाळिसाव्या वर्षी मला वही-पेन घेऊन बाकावर बसवलं.

बरं, अभ्यासाचं मला वावडं नाही. लेखी परीक्षेत मी वर्गात दुसरा आलो. हृदय बंद पडलं तर छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची, रक्त वाहत असेल तर आधी त्यावर घट्ट दाब द्यायचा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. झोपेतून उठवून विचारा, सांगतो. माझं घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात.

ही प्रात्यक्षिकाची भानगड काय असते ते सांगतो, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. खोलीत खाटेवर एक खोटा पेशंट झोपवलेला असतो. तुला काय होतंय, याची चिठ्ठी त्याला आधीच दिलेली असते. आपण आत जायचं आणि जे जे करू ते तोंडाने मोठ्याने बोलायचं. ‘आजूबाजूला धोका नाही हे मी पाहतो आहे. मी हातमोजे घालतो आहे.’ हातमोजे घातले नाहीत तरी चालतं, बोललं की मार्क. आणि पेशंटचं ब्लडप्रेशर किती हे पेशंटला विचारायचं नाही, परीक्षक मॅडमना विचारायचं. त्या हातातल्या कागदात बघून आकडा सांगतात. पेशंट बिचारा नुसता पडून असतो.

आता मी कामात असलो की तोंडातून शब्द काढत नाही. सवयच नाही. पहिल्या खेपेला मी सगळं अगदी यथासांग केलं, पण गपचूप. शंभरात पन्नासला पास, मला चार मिळाले.

“हे चार कसले?” मी विचारलं.

“आत येताना ‘नमस्कार’ म्हणालात त्याचे दोन,” मॅडम म्हणाल्या, “आणि जाताना ‘येतो’ म्हणालात त्याचे दोन.” या मॅडम म्हणजे वयस्कर डॉक्टरीणबाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि हातात लाल पेन. वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. “तुम्ही केलंत ते मला दिसलं हो. पण ऐकू आलं नाही. कागदावर लिहिलंय, ‘उमेदवाराने बोलून दाखवले’.”

दुसऱ्या खेपेला मी बोललो. पण घाबरून असा काही सुटलो, की ‘मी पेशंटला हातमोजे घालतो आहे’ इथपासून सुरुवात केली. अडतीस मार्क.

राहिली एक संधी. आणि इथे आमच्या सासूबाई मैदानात उतरल्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं त्या आमच्याकडेच असतात. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल एक बरा शब्द काढला असेल तर मी कान कापून देईन. मला हाक मारायची तर ‘अहो ड्रायव्हर’. त्यांच्या लेकीला म्हणे एका इंजिनिअरचं स्थळ सांगून आलं होतं. त्या इंजिनिअरला मी कधी पाहिला नाही, पण सतरा वर्षं तो आमच्या घरात राहतो. मी खिळा वाकडा ठोकला की त्याने सरळ ठोकला असता. मला सर्दी झाली की त्याला झाली नसती.

यार्डाचं ऐकून त्या कडाडल्या, “जावई ड्रायव्हर आहेत हे सांगतानाच माझी जीभ अडखळते. आता गाड्या धुतात म्हणून सांगू? उठा! बायको कामावर गेली की रोज सकाळी तालीम. मी पेशंट होते.”

आणि झाल्या. अहो, काय पेशंट! ‘आजी, काय होतंय?’ असं मी विचारायचा अवकाश, “मेले गं बाई, मेले!” अशी किंकाळी. छातीत दुखण्याच्या तालमीत त्या एका आठवड्यात तीनदा वारल्या. दुसऱ्यांदा वारण्याआधी त्यांनी दागिन्यांची वाटणी केली आणि त्यात मला काही नव्हतं. चौथ्या दिवशी शेजारचे कुलूपवाले काका हातोडी घेऊन दार फोडायला आले. सासूबाई खाटेवरून उठून त्यांना म्हणाल्या, “बसा, चहा घ्या, मी आत्ताच गेले.”

वर मला बोलायची सवय लागावी म्हणून नियम काढला, की घरात काहीही करायचं ते बोलून करायचं. चहा प्यायचा तर ‘मी कप उचलतो आहे, कपाला तडा नाही’. बोललो नाही तर कप ओढून घ्यायच्या. जित्याची खोड म्हणतात ना, ती मोडली बरं का त्या बाईने. एकदा संध्याकाळी बायको कामावरून आली तर मी दार उघडून म्हणालो, “दारात एक स्त्री, वय अंदाजे पंचेचाळीस, दमलेली दिसते.” ती बेचाळीसची आहे. त्या रात्री माझ्याशी कोणीच काही बोललं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. केंद्राची पद्धत अशी, की प्रत्येक उमेदवाराने घरचं एक माणूस पेशंट म्हणून आणायचं, आणि एकेका पेशंटवर पाच-सहा जणांची परीक्षा उरकायची. मात्र आपलं माणूस आपल्याच परीक्षेला चालत नाही. नातं निघालं तर संधी बाद. मी बायकोच्या भावाला आणणार होतो. सासूबाईंना मी बजावलं होतं, तुम्ही घरीच थांबा. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सकाळी उठलो तर त्या घरात नव्हत्या. गेल्या असतील गुडघ्याच्या डॉक्टरांकडे, असं समजून मी मेव्हण्याला घेऊन निघालो.

परीक्षा नऊला सुरू व्हायची ती सव्वाअकराला झाली, कारण सामानाच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती. आपत्कालीन परीक्षा, आणि किल्ली सापडत नाही! माझा नंबर पाचवा. व्हरांड्यात बसून मी पुटपुटत होतो. आधीचे चौघे एकेक करून आत गेले आणि पास होऊन बाहेर आले. चौथा तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “नशीबवान आहात. पेशंट म्हणजे काय कसलेली म्हातारी आहे! खराखुरा घाम काढून दाखवते.”

मी आत गेलो. खाटेवर सासूबाई.

नंतर कळलं ते असं. त्या सकाळी सातला येऊन क्लार्कपुढे बसल्या होत्या. नऊ नंबरच्या उमेदवाराबरोबर आलेय म्हणाल्या. यादीतल्या माझ्या नावावर बोट ठेवून वर पुस्ती जोडली, “आणि हे पाच नंबरचे कोण? या माणसाला मी जन्मात पाहिलं नाही.” आपल्याच माणसाला तपासायचं असलं तर जावई घाबरणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

त्यांनी मला बघून एक डोळा मिटला. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. बोललो नाही. डोळ्यांपुढे यार्ड आलं, पाण्याचा पाइप आला, आणि मी चोरासारखा गप्प राहिलो. हे मी लपवत नाही.

“करा सुरुवात,” मॅडम म्हणाल्या.

“आजूबाजूला धोका नाही हे मी पाहतो आहे,” मी म्हणालो. “मी हातमोजे घालतो आहे. आजी, काय होतंय तुम्हाला?”

मी किंकाळीची वाट बघत होतो. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “छातीत दुखतंय.” एवढंच. कपाळावर घामाचे थेंब, हाताची बोटं थरथरत होती. मी मनात म्हटलं, वा! शेवटी आली बाईंना नाटकाची समज.

“पेशंटला घाम आला आहे,” मी मोठ्याने म्हणालो. मॅडमनी खूण केली. चिठ्ठीत छातीत दुखणं आणि घाम दोन्ही होतं.

“दुखणं कधीपासून आहे?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “कोणाला?”

हे काही चिठ्ठीत नसावं, कारण मॅडमनी कागद उलटून पाहिला. मी नाडी बघायला हात धरला, तर हात ओलाचिंब आणि गार. आणि सासूबाईंनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखा जावई शोधून सापडायचा नाही हो.”

मॅडम हसल्या. “आजी, ते जावई नाहीत, परीक्षा द्यायला आलेत.”

“इंजिनिअर काय, पैशाला पासरी मिळतात,” सासूबाई म्हणाल्या. “हा माणूस सोनं आहे.”

 मंडळी, चांगलं-वाईट मला काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की ही बाई शुद्धीवर नाही. माणूस नेहमीसारखं बोलेनासं झालं की काय काय बघायचं, ते पुस्तकात होतं. श्वास नीट आहे का, डोक्याला मार आहे का, अर्धांगाचा झटका आहे का. आणि सगळ्यात सोपं म्हणजे रक्तातली साखर. सासूबाईंना मधुमेह आहे. रोज सकाळी सहाला त्या साखरेची गोळी घेतात. आता वाजला होता एक.

“साखर किती आहे?” मी विचारलं.

“एकशेदहा,” मॅडम कागदात बघून म्हणाल्या. “नॉर्मल. पुढे चला.”

मी पिशवी उघडून साखर मोजायचं मशीन बाहेर काढलं.

“अहो, नुसतं बोला! सांगितली ना मी साखर?”

“ती कागदाची सांगितलीत, मॅडम. मला यांची पाहिजे.”

मॅडमनी माझं मनगट धरलं. “हे लोक मदत म्हणून आलेत. त्यांना खरी सुई टोचता येणार नाही. त्या नाटक करताहेत, कळत नाही तुम्हाला?”

आता काय करायचं? गप्प बसून एकशेदहा मानली असती, तर मी पास होत होतो. अगदी आरामात. 

“मॅडम, ही माझी सासू आहे.”

 मॅडमचा चष्मा दोरीवर लोंबकळला.

“आणि ही बाई माझं कौतुक करते आहे. सतरा वर्षांत कधी केलेलं नाही. तिच्या डोक्यापर्यंत काहीतरी पोचत नाहीये.”

“कौतुक हे काही लक्षण नाही हो!”

“आमच्या घरात आहे!” मी ओरडलो.

मॅडमनी हात सोडला. मी खरे हातमोजे घातले, बोट पुसलं आणि सुई टोचली. मशीनवर त्रेचाळीस आला. सत्तरच्या खाली गेलं तरी काळजी, आणि इथे त्रेचाळीस. मॅडमच्या हातातलं लाल पेन खाली पडलं.

पुढे मी चकार शब्द काढला नाही. कसलं बोलणं आणि कसलं काय. सासूबाईंना पाठीशी हात देऊन बसवलं. गिळता येतंय ना हे बघायला आधी एक घोट पाणी पाजलं. येत होतं. मॅडमच्या चहाच्या ट्रेमध्ये साखरेचं भांडं होतं. चार चमचे पाण्यात ढवळले आणि थोडं थोडं पाजलं. मग थांबायचं. पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं, हे सगळ्यात कठीण. मॅडम घड्याळ धरून उभ्या, मी नाडी धरून बसलेलो, आणि सासूबाई आपल्या चालूच. मी गाडी कशी हळुवार चालवतो, माझं अक्षर किती सुरेख आहे, मला एक नवा स्वेटर विणून द्यायला हवा. मी देवाला म्हणत होतो, हे थांबव रे बाबा.

पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई. अठ्ठ्याहत्तर.

“नेहमीसारख्या झाल्या का बघा,” मॅडम हळूच म्हणाल्या.

मी विचारलं, “आई, मी माणूस कसा आहे?”

सासूबाईंनी डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “परीक्षेला आलात आणि शर्टाला इस्त्री नाही?”

“झाल्या,” मी म्हणालो.

मग उलगडा झाला. बाईंनी सकाळी गोळी घेतली आणि पोटात अन्नाचा कण घातला नाही. का? तर “भरल्या पोटी माणूस आजारी दिसतं का? म्हटलं, चेहरा जरा उतरलेला बरा.” परीक्षा नऊला सुरू झाली असती तर अकराला जेवल्या असत्या. किल्लीने घोळ केला. साखर उतरायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, आपण भूमिकेत शिरलो.

मॅडमनी माझा कागद उचलला. “नातं आहे. संधी बाद होते. मला हे लिहावं लागेल.”

“लिहा,” मी म्हणालो. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं.

“अहो, बाद कसली?” सासूबाई उसळल्या. “नाटक होतं ते सगळं! मी चांगली ठणठणीत आहे. मार्क द्या त्यांना.”

“आणि मशीनवरचा आकडा?”

“मशीनला मी आधीच सांगून ठेवलं होतं.”

 मॅडमनी आधीच्या चौघांना आत बोलावलं. “तुम्ही चौघांनी सकाळपासून यांना तपासलंत. यांच्या कपाळाला हात कोणी लावला?”

 चौथा म्हणाला, “मी बोललो होतो ना, मॅडम. ‘मी कपाळाला हात लावतो आहे’ म्हणून.”

“आणि मी साखर विचारली होती,” तिसरा म्हणाला. “तुम्ही एकशेदहा सांगितलीत.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “मीच सांगितली. घामाचे मार्कही मीच दिले.” मग त्यांनी आवाज सावरला. “यांना दवाखान्यात न्यायला हवं. त्या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. बाहेर गाडी उभी आहे. पास झालेल्यांपैकी दोघे मागे बसा.”

चौथा लगेच पुढे झाला. सासूबाईंनी हात आडवा केला.

“हे पास झालेले इथेच असू देत,” त्या म्हणाल्या. “मला आमचे नापासच द्या.”

  मॅडमनी त्या चौघांचे कागद टेबलावर पालथे घातले. “तुमच्या चौघांची परीक्षा पुन्हा होईल. आणि माझीही व्हायला हवी.” माझा कागद मात्र त्यांनी काखेत मारला, पेन उचललं आणि आमच्या मागोमाग येऊन गाडीत चढल्या.

“तुम्ही कुठे, मॅडम?”

“नियम खोट्या पेशंटबद्दल आहे,” त्या म्हणाल्या. “खरा पेशंट नात्यातला असू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तुमची परीक्षा चालू.”

एकोणीस वर्षांत मी गाडीच्या मागच्या भागात पहिल्यांदाच बसलो. गाडी दुसराच चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्यात घालत होता, त्याचं तोंड पुन्हा बघायची वेळ न येवो. मी सासूबाईंना बिस्किटं खायला लावली, वाटेत पुन्हा साखर बघितली, आणि दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. वय, गोळी कधी घेतली, किती वेळ उपाशी, आकडे किती आणि केव्हा, काय दिलं. एका दमात, न अडखळता. त्यांनी मान हलवली आणि सासूबाईंना आत घेतलं. मॅडमनी सही करून कागद माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून निघून गेल्या.

मी तो कागद घेऊन सासूबाईंच्या खाटेशी गेलो. हाताला सलाइन, पुढे चहाचा कप, साखर एकशेबत्तीस. एकदम फर्मात.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एक्कावन्न.”

“पन्नासला पास?”

“हो.”

“एकच जास्त?” त्यांनी तोंड वाकडं केलं. “आधी सांगायचंत की. अजून थोडी आजारी पडले असते.”

आणि मी फुटलो. त्या भरल्या वॉर्डात, नर्स बघताहेत, शेजारचे पेशंट बघताहेत, मी सासूबाईंवर ओरडलो. “मेला असतात तुम्ही! खरोखर मेला असतात, कळतंय का? कशाला केलंत हे? गाड्या धुतल्या असत्या मी, जन्मभर धुतल्या असत्या! परत कधी उपाशी राहिलात ना आई, तर याद राखा!” ओरडता ओरडता माझा आवाज गेला आणि मी रडायला लागलो, चांगला हमसून हमसून, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या.

 सासूबाईंनी सरकून खाटेवर माझ्यासाठी जागा केली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “मघाशी मी जे बोलत होते ना तुमच्याबद्दल, ते सगळं मला ऐकू येत होतं.”

“साखर उतरली होती तुमची,” मी नाक पुसत म्हणालो.

“उतरली होती,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर बोलता आलं.”